धुराडं

“चाकं बघून झाली ना मघाशी?” कंडक्टरनं विचारलं.

“झाली.”

“मग परत कशाला बघतोयस? एवढ्यात कोणी काढून नेली असतील का?”

मागच्या चाकाला बुटाच्या टोकानं एक ठोकर देऊन ड्रायव्हर बसच्या पलीकडच्या अंगाला गेला, फडक्यानं आरसा पुसला, तो आधीच स्वच्छ होता हे पुसून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, आणि वळसा घालून तो पुन्हा पुढच्या दाराशी आला. शेवटचा थांबा टेकडीच्या पायथ्याशी होता. तिथून पुढे रस्ता नव्हता. पत्र्याची एक शेड, एक बाक, पाण्याचा नळ आणि कुंपणापलीकडे बंद पडलेली दगडाची खाण. प्रत्येक फेरीनंतर गाडी इथं दहा मिनिटं उभी राहायची. नोकरीला लागल्यापासून ती दहा मिनिटं त्यानं सिगारेट ओढण्यात घालवली होती. आता ती संपता संपत नव्हती.

कंडक्टर शेडच्या अगदी टोकाला उभा राहून, धूर पलीकडे जाईल अशा बेतानं ओढत होता. मित्राची कुचंबणा त्याला कळत होती, पण स्वतःची सोडण्याइतकी कळत नव्हती. वारा थोडा फिरला आणि धुराची एक पट्टी बाकाकडे आली. ड्रायव्हर बाकाजवळ येऊन उभा राहिला.

“सरकू का मी?” कंडक्टर म्हणाला.

“नको. राहू दे.”

कंडक्टरनं त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. “वास घेतोयस तू.”

“श्वास घेतोय. तेवढ्याला डॉक्टरनं बंदी केलेली नाही.”

कंडक्टरनं अर्धी सिगारेट पायाखाली चिरडली. “अरे धुराड्या,” तो म्हणाला, “तुझ्यापायी माझंही वाटोळं होणार.”

धुराडं हे नाव त्यानंच ठेवलं होतं. गाडी सुटायला किती वेळ आहे असं कोणी विचारलं, की तो ड्रायव्हरकडे बोट दाखवायचा. “घड्याळ कशाला बघता? त्या धुराड्याकडे बघा. विझलं की सुटलो.” रोजचे प्रवासीसुद्धा तसंच बघायला शिकले होते. आता धुराडं विझलेलंच होतं आणि गाडी सुटायला अजून वेळ होता.

ही सगळी उठाठेव ताईसाठी चालली होती.

ताई त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो नुकता शाळेत जायला लागला होता. वडील सतत फिरतीवर. ताईनं लग्न केलं तेव्हा ती त्यालाही बरोबर घेऊन गेली. “सासरी जाताना मी एक ट्रंक आणि एक भाऊ नेला,” ती अजून सांगायची. “ट्रंक कधीच मोडीत गेली. हा टिकलाय.” ती शाळेत खेळ शिकवायची. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या पोरानं दचकावं असा आवाज. आज बँकेत, दुकानात, कचेरीत पोट सुटलेले जे बाप्ये बसलेले होते त्यातल्या निम्म्यांना तिनं कधी ना कधी पळायला लावलं होतं. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. आणि आता तिच्या दोन्ही किडन्या थकल्या होत्या. दिवसाआड ती हॉस्पिटलात जाऊन अर्धा दिवस मशीनला जोडून घ्यायची. घोटे सुजलेले, चेहरा फिका, डाव्या हातावर सुयांच्या जागी टेंगळं आलेली. तिच्या मुलाचा रक्तगट जुळला नाही. भावाचा जुळला. डॉक्टर पुढचं काही सांगायच्या आतच तो म्हणाला होता, “घ्या.”

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि कागदावरून मान वर न करता बोलायच्या.

“सिगारेट?”

तो घसा साफ करेपर्यंत ताईनं उत्तर देऊन टाकलं. “हा कुठला ओढतो? तीच त्याला ओढते.”

तेव्हा मात्र डॉक्टरांनी मान वर केली. “ऑपरेशनच्या आधी निदान दीड महिना पूर्ण बंद. कमी करतो, दिवसाला एकच घेतो, असलं काही चालणार नाही. एरवी आम्ही आजारी माणसाला टेबलावर घेतो. तुम्ही धडधाकट आहात. तुम्हाला आम्ही दुसऱ्या कोणासाठी कापणार. तुमच्या छातीत कफ भरून तुम्हालाच काही झालं, तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.” मग कागद बाजूला सारत त्या म्हणाल्या, “आधी रक्त तपासू. रक्तात दिसतं. तेव्हा मला फसवायच्या भानगडीत पडू नका.”

त्याची बायको मागच्या खुर्चीत बसली होती. ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायच्या कामावर होती आणि मांडीवर पर्स ठेवून, समोरच्याचा चष्मा तपासावा तशी डॉक्टरांकडे बघत होती. ती काही बोलली नाही. परत येताना रिक्षातही बोलली नाही. ड्रायव्हरच्या डोक्यात त्या वेळी एकच विचार होता, की खिशातलं पाकीट कुठं फेकायचं.

त्यानं ते कंडक्टरच्या साक्षीनं खाणीत फेकलं. फेकल्यावर दोघंही कुंपणावरून वाकून ते कुठं पडलं ते बघत राहिले.

पहिले काही दिवस त्याला वाटलं होतं त्याहून वाईट गेले आणि पुढचे त्याहूनही वाईट. तलफ येते आणि जाते, हे त्याला ऐकून माहीत होतं. हात मोकळे पडतील हे कोणी सांगितलं नव्हतं. चहा प्यायचा, कप खाली ठेवायचा, आणि मग हात आपला शर्टाच्या खिशाकडे निघायचा. खिशात पेपरमिंटच्या गोळ्या. गोळी चघळायला तीन चार मिनिटं लागत असतील. त्याची दाढ ती दोन दणक्यांत फोडायची. झोपेत तो दात खायचा. सकाळी उठल्यावर जबडा दुखायचा.

घरी बसवेना. त्यानं गळका नळ दुरुस्त केला, मग न गळणाराही उघडून बसवला. कपाट भिंतीपासून सरकवून मागची जळमटं काढली. खुर्च्यांच्या पायांना रबर लावले. जेवताना पाय हलायचा आणि त्याबरोबर टेबल, ताट, पाण्याचा पेला, सगळं हलायचं. बायको पेल्यावर हात ठेवायची आणि जेवत राहायची.

“रागावलीयस का?” त्यानं एकदा विचारलं.

“नाही.”

“मग बोल की काहीतरी. तीस वर्षं सोडा सोडा म्हणून कान किटवलेस. आता सोडली तर तोंडातून शब्द नाही.”

“भाजी वाढू का?” ती म्हणाली.

त्याला वाटलं, आनंद पचवायलाही माणसाला वेळ लागतो. पुढं काही त्यानं विचारलं नाही.

संध्याकाळच्या गर्दीच्या फेरीला ते घडलं. गाडी खच्चून भरली होती. कोणीतरी मागं मोबाइलवर मोठ्यानं बोलत होतं, कोणाचं तरी मूल एकसुरी रडत होतं, आणि तलफेनं त्याच्या कपाळाच्या आत कोणी नखानं खरवडतंय असं चाललं होतं. त्यानं गोळीसाठी खिशात बोटं घातली. गोळी सापडेना. खिशाच्या कोपऱ्यात नुसतेच कागद. त्यानं क्षणभरच खाली पाहिलं, वर पाहिलं तेव्हा पुढची मोटार थांबलेली होती.

ब्रेक लागला. धडक बसली नाही. पण मागं एकदम सगळं पुढं कोसळल्याचा आवाज झाला आणि त्यातून काहीतरी फुटल्याचा. उभी असलेली एक म्हातारी बाई गुडघ्यांवर पडली होती. तिच्या हातात फुलझाडाची कुंडी होती. कुंडीचे तुकडे आणि ओली माती पुढच्या दारापर्यंत पसरली होती. मधोमध ते रोप मुळांसकट आडवं पडलं होतं.

तो जागेवरून उठून मागं गेला. कंडक्टरनं बाईला तोवर बाकावर बसवलं होतं. गुडघा खरचटून रक्त येत होतं.

“लागलं का फार?” त्यानं विचारलं.

बाईंनी आधी गुडघ्याकडे आणि मग त्याच्याकडे पाहिलं. “एवढी कसली घाई असते हो तुम्हाला?” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होत्या.

त्याला घाई कसलीच नव्हती. पण ते सांगून त्यांना काय कळणार. तो खाली वाकला आणि माती गोळा करायला लागला. प्रवासी पाय वर घेऊन बसले. इतक्या वर्षांत त्याच्या गाडीत कोणी पडलं नव्हतं. डेपोत त्याची ख्याती होती, की याच्या गाडीत माणूस उभ्यानं दाढी करील. कंडक्टरनं त्याच्या हातातून ती माती काढून घेतली आणि हलकेच म्हणाला, “चल, मागं गाड्या तुंबल्यात.”

डेपो मॅनेजर भला माणूस होता. त्यानं आवाज चढवला नाही. “दोन दिवस घरी बसा,” तो म्हणाला. “आणि डोकं ठिकाणावर आलं की या.”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो घरात एकटा होता. बायको दुकानात गेली होती. तो या खोलीतून त्या खोलीत गेला, परत आला, गॅलरीत गेला. गॅलरीत एक स्टूल होतं. स्टुलावर सिगारेटचं पाकीट होतं, त्यावर काडेपेटी, आणि शेजारी तो राखेसाठी वापरायचा ती कडा उडालेली बशी, स्वच्छ धुऊन ठेवलेली.

आपलंच जुनं काही राहून गेलं असेल, असं त्याला वाटलं, किंवा वाटू दिलं. त्यानं पाकीट उचललं. वरचा चमकता कागद अजून फाडलेलाही नव्हता. नखानं तो कागद सोलताना त्याचे हात इतके स्थिर होते, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. पहिल्या झुरक्याला डोकं हललं. दुसऱ्याला कपाळातलं ते नख थांबलं. कितीतरी दिवसांनी रस्त्यावरची झाडं, समोरच्या घराच्या खिडक्या, वाळत घातलेले कपडे, सगळं आपापल्या जागी येऊन बसलं. पहिलीवर त्यानं दुसरी पेटवली. ती संपत आली तेव्हा त्याला उमगलं, की आपण पाकिटाचा कागद फोडला, म्हणजे पाकीट नवीन होतं. आणि आपण सोडून या घराची किल्ली एकाच माणसाकडे आहे.

बायको संध्याकाळी आली. पर्स खुंटीला लावली, हातपाय धुतले, चहा टाकला. घरभर वास होता. ती काहीतरी म्हणेल म्हणून तो वाट बघत राहिला. तिनं कप समोर ठेवला तेव्हा शेवटी तोच म्हणाला,

“पाकीट तू ठेवलंस.”

“हो.”

“का?”

“तीस वर्षं लपवली,” ती म्हणाली. “पिठाच्या डब्यात, गादीखाली, एकदा तर शिलाई मशीनच्या पोटात. तुम्ही शोधून काढायचात. म्हटलं, एकदा आपणच काढून ठेवावं.”

“का पण?”

“रक्तात दिसतं म्हणाल्या ना त्या डॉक्टर.”

त्याला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्याला वाटलं आपण आता भडकू. त्याची त्यानं वाटही पाहिली, पण राग येईना.

ती समोरच्या खुर्चीत बसली. “मला तुमचा धूर चालेल. वास चालेल, पडद्यांना पडलेली भोकं चालतील. पोट फाडलेलं नाही चालायचं. माझे वडील चालत गेले होते हॉस्पिटलात. हर्नियाचं एवढंसं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले होते, परवा घरी. मी त्यांच्या चपला हातात घेऊन घरी आले.” तिनं कपाची बशी उगाच सरळ केली. “आणि तुम्ही तिथं नुसतं ‘घ्या’ म्हणालात. माझ्याकडे मान तरी वळवलीत का? मी मागेच बसले होते.”

“ताईसाठी—”

“ताईंसाठीच. मला माहीतय कोणासाठी ते. तुम्ही नाही म्हणा असं मी म्हणालेच नसते. माझं तेवढं तोंडच झालं नसतं. पण विचारायचंत.”

चहा तसाच राहिला. त्यावर साय धरली. त्याला त्या क्षणी फक्त एक सिगारेट हवी होती आणि पाकीट समोरच होतं, आणि दोघांनीही त्याला हात लावला नाही.

खोटं बोलणं त्याला जमत नसे असं नाही, पण ताईशी कधी जमलं नव्हतं. ती मशीनला जोडलेली असताना तो गेला. तिच्या हातातून निघालेल्या नळ्यांतून तिचंच रक्त बाहेर जाऊन परत येत होतं. अंगावर दोन पांघरुणं होती.

“ताई, मी ओढली.”

“मग?” ती म्हणाली. “डॉक्टरला सांगितलंस?”

“सांगून आलो. म्हणाल्या, आजपासून पुन्हा पहिल्यापासून दीड महिना. तारीख पुढं गेली.”

ताईनं डोळे मिटले. पापण्या सुजलेल्या होत्या. “शर्यतीत चुकीची सुरुवात झाली की पोरांना परत रेषेवर आणायचं,” ती म्हणाली. “त्यात रडायचं नसतं. कंटाळा मात्र येतो.” मग डोळे न उघडताच तिनं विचारलं, “बायको काय म्हणते?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“काही म्हणत नाही ती.”

“छोट्या,” ताई म्हणाली, “तुझी बायको गप्प बसणाऱ्यातली नाही. ती गप्प आहे म्हणजे घाबरलीय. परवा तू नको येऊस माझ्याबरोबर. तिला पाठव.”

त्यानं पाकिटाचं काही सांगितलं नव्हतं. ताईनंही विचारलं नाही.

बायको दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून गेली. तो कामावर रुजू झाला होता. त्या दिवशीच्या फेऱ्यांत शेवटच्या थांब्यावर तो एकदाही बाकावर टेकला नाही. दोघी काय बोलत असतील, ताई तिला काय सुनावत असेल, या विचारानं तो बसभोवती इतके फेरे मारत होता, की कंडक्टर म्हणाला, “एक घंटा बांध गळ्यात, तेल काढून घेतो तुझ्याकडून.”

तो घरी आला तेव्हा बायको अंधार पडत आला तरी दिवा न लावता बसलेली होती. त्यानं दिवा लावला.

“त्यांचा हात मी धरला होता,” ती म्हणाली. “बर्फ. ते रक्त बाहेर फिरून येतं ना, म्हणून म्हणे. रोज असं असतं?”

“दिवसाआड.”

“तुम्ही सांगितलं नव्हतंत.” तिनं आपले तळवे एकमेकांवर चोळले. “मी सांगून टाकलं त्यांना. पाकीट मी ठेवलं होतं म्हणून.”

“मग?”

“हसल्या. म्हणाल्या, तुझ्या जागी मी असते तर अख्खा खोका ठेवला असता. मग म्हणाल्या, हे बघ, तुला नको असेल तर आत्ता सांग. मी डॉक्टरांना सांगते, माझंच मन बदललं, भावाची नको मला. छोट्याला कधी कळणार नाही. तुझं नाव कुठं यायचं नाही.” तिनं चष्मा काढून पुसला. “म्हणायचं म्हणून नाही म्हटलं त्यांनी. खरंच सांगणार होत्या. नर्सला हाक मारायला मान वळवली होती.”

तो उभाच होता.

“मी म्हटलं, नका सांगू.” ती उठली. “माझी भीती काही गेलेली नाही. ती राहणार. तुम्ही टेबलावर असाल तेव्हा मी बाहेर काय करणार आहे, देव जाणे. पण पाकीट मी टाकून दिलंय. आता तुमचं तुम्ही बघा.”

दुसऱ्यांदा सोडणं पहिल्यापेक्षा सोपं जाईल अशी त्याची समजूत होती. तसं झालं नाही. फरक एवढाच, की आता घरात ते दोघांचं काम होतं. बायकोनं दुकानातून मोडक्या चष्म्यांच्या फ्रेमांनी भरलेला एक डबा आणि नखाएवढा स्क्रू ड्रायव्हर आणला. “हात चालवायला काहीतरी हवं ना,” ती म्हणाली. संध्याकाळी तो दिव्याखाली बसून तिळाएवढे स्क्रू फिरवायचा. स्टिअरिंग धरलेल्या बोटांना ते दिसायचेसुद्धा नाहीत. पडले की दोघंही गुडघ्यांवर येऊन फरशी चाचपायची. तो शिव्या द्यायचा. ती म्हणायची, “द्या, द्या, पण शोधा.” कधी कधी तो सगळा डबा ढकलून देऊन रस्त्यावर चालायला निघून जायचा आणि दोन चौक ओलांडून, टपरी दिसली की उलट पावली परतायचा.

कंडक्टरनंही जाहीर केलं, की आपण सोडली. मैत्रीखातर. त्यानंतर प्रत्येक फेरीला शेवटच्या थांब्यावर त्याला अचानक शेडच्या मागं जायची गरज पडायला लागली. एकदा पत्र्याच्या वरून निळसर धूर तरंगत आला.

“खाणीत आग लागली काय रे?” ड्रायव्हरनं इकडून विचारलं.

“कचरा जाळतंय कोणीतरी,” पत्र्यामागून उत्तर आलं.

ड्रायव्हर हसला. हसता हसता खोकला लागला. बरेच दिवस छातीतून काहीबाही सुटून वर येत होतं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, येऊ द्या, घर झाडल्यावर धूळ उडणारच.

रक्त तपासलं. त्यात काही दिसलं नाही.

ऑपरेशनच्या सकाळी त्याला अंघोळ घालून, मागं नाड्या असलेला हिरवा झगा घालून खोलीत बसवून ठेवलं. ट्रॉली यायला वेळ होता. पोटात अन्न नव्हतं, पाणीही नव्हतं. तो खिडकीपाशी गेला. खाली जनरेटरच्या खोलीशेजारी एक सफाई कामगार झाडू भिंतीला टेकवून सिगारेट ओढत होता. निवांत ओढत होता; राख झाडायची घाई नाही, काही नाही. ड्रायव्हरच्या तोंडाला पाणी सुटलं. इतक्या दिवसांत इतकी तलफ आली नव्हती. तीन जिने. लिफ्टनं तर अर्धं मिनिट. झग्यावर चादर घेतली असती तर कोणी विचारलंही नसतं.

बायको मागे येऊन उभी राहिली. तिनंही खाली पाहिलं.

“जायचंय मला,” तो म्हणाला.

“दिसतंय.”

“एकच. जीव जातोय नुसता.”

ती त्याचा हात धरील असं त्याला वाटलं. तिनं धरला नाही. “मी काही अडवायची नाही,” ती म्हणाली. “पाकीट ठेवायचं तेही मी आणि हात धरायचा तोही मीच का?”

त्यानं खिडकीचा गज धरला. एक पाय झग्याखाली सारखा हलत होता. खालच्या माणसानं थोटूक विझवलं, झाडू उचलला आणि तो कोपऱ्यावरून दिसेनासा झाला. ड्रायव्हर तरीही तिथंच उभा राहिला. ट्रॉली आली तेव्हा गजाचा गंज त्याच्या तळव्याला लागलेला होता आणि वॉर्डबॉयनं तो स्पिरिटनं पुसून काढला.

बाहेरच्या पॅसेजमध्ये ताईची ट्रॉली होती. टोपीत तिचे सगळे पांढरे केस गेले होते आणि ती अगदी लहान दिसत होती.

“पळायचं असेल तर आत्ता पळ,” ती म्हणाली. “मी शिट्टी घरी ठेवून आलेय.”

“तू जा पुढं,” तो म्हणाला. “मी येतोच.”

“गाढवा, आधी तुझी काढणार, मग मला बसवणार. कधी ऐकतोस का डॉक्टरचं?”

मग लिफ्टचं दार उघडलं.

तो नीट शुद्धीवर आला तो दुसऱ्या दिवशी. कुशीत कोणी निखारा शिवून ठेवला होता. नाकात नळी, हाताला सुई. बायको स्टुलावर बसून होती. कालपासून तिनं केस विंचरले नव्हते. तो विचारायच्या आधीच ती म्हणाली, “त्या बऱ्या आहेत. वेगळ्या खोलीत ठेवलंय, आत सोडत नाहीत. जोडली आणि लगेच चालू झाली म्हणे. नर्सच्या हाती निरोप पाठवलाय तुम्हाला. म्हणे, त्याला सांगा, कामाला लागलीय. त्याच्यासारखी कुरकुर करत नाही.”

त्याला हसू आलं आणि हसण्याच्या आधी खोकला आला. आतून टाके उसवतात की काय अशी कळ गेली. त्यानं खोकला गिळला. डोळ्यांत पाणी आलं.

नर्स आली, तिनं छातीला नळी लावून ऐकलं. “कफ आहे. दाबून ठेवू नका, ताप चढेल. खोकायलाच लागणार.”

“दुखतंय,” तो म्हणाला.

“दुखणारच. ओढत होतात ना?” तिनं पायाशी पडलेली छोटी उशी उचलली. “ही अशी जखमेवर घट्ट दाबून धरायची आणि मग खोकायचं. मग तेवढं ओढल्यासारखं नाही होत. तुमच्या हाताला सुई आहे. बाईंना जमेल ना?”

बायकोनं कालपासून त्या बाजूला पाहिलं नव्हतं. चादर सरकली, की ती खिडकीकडे बघायची. तिनं उशी हातात घेतली आणि ती तशीच उभी राहिली. नर्सनं चादर बाजूला केली. कुशीवर हातभर पांढरी पट्टी होती, मध्ये एका जागी पिवळसर डाग.

बायको पट्टीकडे बघत राहिली. मग तिनं उशी त्यावर ठेवली. आधी अलगद, मग दोन्ही तळवे टेकवून, कोपरं ताठ करून.

“अजून दाबा,” नर्स म्हणाली.

तिनं दाबलं. तिच्या मनगटांच्या शिरा वर आल्या. इतक्या जवळून त्याला तिच्या चष्म्याच्या काचांवर सुकलेले पाण्याचे ठिपके दिसत होते.

“हं,” ती म्हणाली. “खोका आता.”

तो खोकला. सगळं अंग हललं, पलंग हलला, सलाइनची बाटली दांडीवर किणकिणली. तिचे हात हलले नाहीत.

“अजून आहे,” ती म्हणाली. “अजून एकदा.”